नॉर्वेचे १९०५ साल कसे अभ्यासावे

एखाद्या देशाचे एकच वर्ष निवडून त्यावर लिहायचे असेल, तर त्या वर्षाच्या आरंभीची आणि अखेरची स्थिती निराळी असावी आणि हा फरक कसा पडला ते कागदोपत्री तपासता यावे. उत्तर युरोपातील अनेक वर्षे या कसोटीला उतरतात. डेन्मार्कचे १८६४, फिनलंडचे १९१७, आइसलंडचे १९४४ ही तशी वर्षे आहेत. मात्र हा अभ्यास प्रथमच करणाऱ्याने नॉर्वेचे १९०५ घ्यावे, असे माझे मत आहे. त्या वर्षाच्या जानेवारीत नॉर्वे आणि स्वीडन या दोन राज्यांचा राजा एक होता आणि दोघांचे परराष्ट्रखाते स्टॉकहोममधून चालत होते. डिसेंबर उजाडला तेव्हा नॉर्वेला स्वतःचा राजा, स्वतःचा परराष्ट्रमंत्री आणि इतर देशांची मान्यता मिळालेली होती, आणि मधल्या अकरा महिन्यांत दोन्ही देशांमध्ये एकही लढाई झाली नव्हती. लढाई नसल्यामुळे या वर्षाची हकीकत राजीनामे, नाकारलेल्या सह्या, ठरावांची वाक्यरचना, मतमोजणी आणि तहाची कलमे यांतूनच सांगावी लागते. जमिनीच्या दाव्याचे दप्तर एखादा मुरलेला वकील जसे तारखा आणि सह्या पाहत वाचतो, तसे हे वर्ष वाचावे. ज्याला वीरकथा हवी आहे त्याने दुसरे वर्ष शोधलेले बरे.

पार्श्वभूमी किती घ्यावी

पार्श्वभूमी आवश्यक असली तरी ती एक-दोन पानांत संपवावी. नाहीतर लेख १९०५ पर्यंत पोहोचतच नाही. शतकानुशतके डेन्मार्कच्या राजाकडे असलेला नॉर्वे १४ जानेवारी १८१४ च्या कीलच्या तहाने स्वीडनच्या राजाला देण्यात आला. नॉर्वेच्या प्रतिनिधींनी आइड्सवोल येथे जमून त्याच वर्षी १७ मे रोजी स्वतःची राज्यघटना मंजूर केली. उन्हाळ्यात स्वीडनशी अल्पकाळ युद्ध झाले, आणि ४ नोव्हेंबरला थोडी बदललेली राज्यघटना कायम राखून नॉर्वेच्या संसदेने, म्हणजे स्टोर्टिंगने, स्वीडनचा राजा आपलाही राजा म्हणून निवडला.

मराठी वाचकाने येथे एक खबरदारी घ्यावी. परकी राजा आणि त्यापासून सुटका, एवढे शब्द दिसले की ब्रिटिश हिंदुस्थानाचे चित्र मनात उभे राहते, आणि ते येथे अजिबात लागू पडत नाही. १९०५ च्या नॉर्वेला स्वतःची राज्यघटना, संसद, मंत्रिमंडळ, न्यायालये, तिजोरी आणि सैन्य होते. १८९८ पासून प्रौढ पुरुषांना सर्वसाधारण मताधिकारही होता. नव्हते ते परराष्ट्रखाते. परदेशी बंदरांमधील वाणिज्यदूत दोन्ही राज्यांचे सामाईक होते आणि ते स्टॉकहोमच्या परराष्ट्रमंत्र्याच्या हाताखाली काम करीत. नॉर्वेचा व्यापारी जहाजांचा ताफा जगातील मोठ्या ताफ्यांपैकी होता. स्वीडनच्या ताफ्यापेक्षा तो कितीतरी मोठा होता. बंदरात अडकलेल्या नॉर्वेजियन जहाजाची किंवा आजारी खलाशाची दाद लावणारा अधिकारी आपल्या सरकारला जबाबदार असावा, ही मागणी म्हणूनच भावनेइतकीच व्यवहाराची होती. हा दुवा सुटला, तर एवढे मोठे राजकीय प्रकरण वाणिज्यदूतांसारख्या किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नावरून का पेटले, हे वाचकाला कधीच कळत नाही.

याच प्रश्नावर १८९५ साली नॉर्वेला स्वीडनच्या लष्करी दबावापुढे माघार घ्यावी लागली होती. त्यानंतर नॉर्वेने संरक्षणावरचा खर्च वाढविला आणि सीमेवर तटबंदी उभारली. पुढे वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्या, पण नोव्हेंबर १९०४ मध्ये स्वीडनचे पंतप्रधान एरिक गुस्ताव बूस्त्रोम यांनी घातलेल्या अटी नॉर्वेत मानहानीकारक ठरल्या आणि बोलणी फिसकटली. वर्षाचा अभ्यास करणाऱ्याने आपले १९०५ येथून, म्हणजे १९०४ च्या नोव्हेंबरापासून सुरू करावे. पंचांगातील वर्ष १ जानेवारीला उगवते; राजकारणातील वर्षाला स्वतःचा आरंभबिंदू असतो, आणि तो शोधणे हे अभ्यासाचे पहिले काम आहे.

तीन रकान्यांची शकावली

आपल्याकडे मराठेशाहीच्या अभ्यासात शकावलीला मान आहे: तिथी, घटना, आणि त्यापलीकडे एक शब्दही नाही. ही शिस्त येथेही पाळावी. मोठ्या कागदावर तीन रकाने आखून पहिल्यात नॉर्वे, दुसऱ्यात स्वीडन आणि तिसऱ्यात उरलेले जग घ्यावे, आणि मत, विशेषण किंवा कारण कोठेही लिहू नये.

पहिल्या रकान्यात प्रथम ११ मार्च ही तारीख येईल. त्या दिवशी बर्गनचे जहाजमालक क्रिस्तियान मिकेल्सन यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. मे महिन्यात स्टोर्टिंगने स्वतंत्र वाणिज्यदूत सेवेचा कायदा मंजूर केला. २७ मे रोजी राजा दुसरा ऑस्कर याने स्टॉकहोममध्ये या कायद्याला संमती नाकारली. नॉर्वेच्या मंत्र्यांनी त्या नकारावर प्रतिस्वाक्षरी, म्हणजे राजाच्या सहीखाली मंत्र्याची सही, करण्यास नकार देऊन राजीनामे पुढे केले. आणि दुसरे मंत्रिमंडळ बनविणे सध्या शक्य नाही हे आपल्याला स्पष्ट दिसते, असे सांगून राजाने ते राजीनामे स्वीकारले नाहीत. ७ जूनला स्टोर्टिंगचा ठराव झाला, ९ जूनला लष्करी निशाणावरील संयुक्त राज्याचे चिन्ह उतरले, १३ ऑगस्टला पहिला जनमतकौल घेण्यात आला, ३१ ऑगस्टपासून २३ सप्टेंबरपर्यंत कार्लस्टाडच्या वाटाघाटी चालल्या, २६ ऑक्टोबरला राजाने नॉर्वेच्या सिंहासनावरील हक्क सोडला, १२ व १३ नोव्हेंबरला दुसरा जनमतकौल झाला, १८ नोव्हेंबरला राजाची निवड, २५ नोव्हेंबरला त्याचे ख्रिस्तियानियात आगमन आणि २७ नोव्हेंबरला शपथविधी झाला.

दुसरा रकाना बहुतेक लेखक मोकळाच ठेवतात, आणि त्यामुळे स्वीडन हा एक दगडी चेहऱ्याचा प्रतिस्पर्धी होऊन बसतो. त्या रकान्यात जून महिन्यात रिक्सदागचे, म्हणजे स्वीडनच्या संसदेचे, खास अधिवेशन येते. जुलैच्या अखेरीस विशेष समितीचा अहवाल आणि त्यापाठोपाठ मंत्रिमंडळाचा राजीनामा येतो. ऑगस्टच्या आरंभी क्रिस्तियान लुंडेबर्ग यांचे नवे मंत्रिमंडळ, १६ ऑक्टोबरला दोन्ही राज्यांना बांधणारा कायदा रद्द करण्याचा रिक्सदागचा निर्णय, आणि १ नोव्हेंबरला स्वीडनच्या निशाणावरूनही संयुक्त चिन्ह काढणे, हे येते. म्हणजे १९०५ च्या उन्हाळ्यात स्वीडनमध्ये सरकार कोसळले होते. तेथील समाजवादी नेते यालमार ब्रान्टिंग युद्धाच्या विरोधात उभे होते, आणि तरुण समाजवादी सेत हॉग्लुंड यांना शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन करणाऱ्या पत्रकामुळे पुढे तुरुंगात जावे लागले. स्वीडनचा युवराज गुस्ताव हादेखील प्रश्न शांततेने मिटवावा या मताचा होता.

तिसऱ्या रकान्यात रशिया आणि जपान यांचे युद्ध येईल. त्याचा तह ५ सप्टेंबरला, कार्लस्टाडची बोलणी चालू असतानाच झाला. रशियाच्या ताब्यातील फिनलंडमध्ये ऑक्टोबरअखेर सार्वत्रिक संप झाला आणि त्यातूनच पुढच्या वर्षी तेथील स्त्रियांना संसदेचा मताधिकार मिळाला. रशियाच्या कागदपत्रांतील तारखा जुन्या पंचांगाप्रमाणे तेरा दिवस मागे असतात. त्या सुधारून घेतल्याशिवाय शकावलीत लिहू नयेत. नव्या नॉर्वेला सर्वांत आधी मान्यता रशियाने दिली, हेही याच रकान्यात नोंदवावे.

या रकान्यात मराठी अभ्यासकाला एक मोह होणारच. १६ ऑक्टोबर १९०५ या दिवशी बंगालची फाळणी अमलात आली, आणि स्वीडनच्या संसदेचा वर सांगितलेला निर्णय नेमका त्याच दिवसाचा आहे. एकीकडे एक सत्ता वियोगाला संमती देते आणि दुसरीकडे दुसरी सत्ता प्रांत तोडते, अशी टाळीचे वाक्य मिळवून देणारी जोडी हाताशी येते. ती वापरू नये. दोन्ही घटनांत तारखेपलीकडे काहीही समान नाही, आणि तारीख जुळली म्हणून कारण जुळत नाही.

७ जूनच्या ठरावापाशी थांबावे

शकावली तयार झाली की तिच्यातील एकाच नोंदीला सर्वाधिक वेळ द्यावा. माझ्या मते ती नोंद ७ जूनची आहे. पुष्कळ ठिकाणी ‘या दिवशी नॉर्वेने स्वातंत्र्य जाहीर केले’ असे एका ओळीत लिहिलेले असते. मूळ ठराव काढून वाचला की त्यात स्वातंत्र्याची घोषणा सापडत नाही.

ठरावाचा मजकूर हे एकच लांबलचक वाक्य आहे. मंत्रिमंडळाच्या सर्व सदस्यांनी पदे सोडली आहेत. देशाला नवे सरकार देण्यास आपण असमर्थ असल्याचे राजाने सांगितले आहे. त्यामुळे राज्यघटनेने दिलेली राजसत्ता कार्यरत राहिलेली नाही. म्हणून आज पायउतार झालेल्या मंत्र्यांनाच तूर्त नॉर्वेचे सरकार म्हणून राजाचे अधिकार वापरण्यास स्टोर्टिंग अधिकृत करते. वाक्याचे मुख्य क्रियापद येथे संपते. त्यानंतर शेपटासारखा जोडलेला भाग येतो: राजा नॉर्वेचा राजा म्हणून काम करीनासा झाल्याने एका राजाखालील स्वीडनबरोबरचे ऐक्य विसर्जित झाले आहे, आणि त्यामुळे आवश्यक ठरणारे बदल करून हे अधिकार वापरावेत. जवळजवळ एक्क्याण्णव वर्षांचे बंधन असे गौण वाक्यांशात, वाटेत सांगावे तसे, संपविले आहे.

असे का केले, हे शोधणे म्हणजे या वर्षाचा अर्धा अभ्यास होय. नॉर्वेच्या राज्यघटनेत स्टोर्टिंगला ऐक्य तोडण्याचा अधिकार कोठेच दिलेला नव्हता. ऐक्य आम्ही तोडतो, असे म्हटले असते तर तो बंडाचा ठराव ठरला असता आणि परदेशी सरकारे दचकली असती. मात्र राजाला नवे सरकार बनविता येत नाही हे त्याने स्वतःच २७ मे रोजी म्हटले होते. घटनात्मक राजाला सरकार बनविता येत नसेल तर त्याचे राजेपण चालत नाही. राजेपण चालत नसेल तर केवळ त्याच्या व्यक्तीवर आधारलेले ऐक्यही उरत नाही. राजाने राजीनामे नाकारताना उच्चारलेले वाक्य मिकेल्सन यांनी अकरा दिवसांनी त्याच्याच विरुद्ध वापरले. हा युक्तिवाद कायद्याच्या दृष्टीने निर्दोष आहे असे मला वाटत नाही, कारण ‘सध्या शक्य नाही’ आणि ‘मी असमर्थ आहे’ यांत अंतर आहे आणि ते अंतर ठरावात पुसलेले दिसते. परंतु राजकीय कसब म्हणून तो असामान्य आहे, आणि अभ्यासकाने दोन्ही गोष्टी लिहाव्यात.

त्याच दिवशी स्टोर्टिंगने राजाला उद्देशून एक निवेदनही मंजूर केले आणि त्यात राजाच्याच बर्नादोत घराण्यातील एखाद्या राजपुत्राला नॉर्वेच्या सिंहासनासाठी मागितले. ठराव एकमताने झाला. निवेदनाच्या विरोधात मात्र पाच समाजवादी सदस्यांनी मते दिली. ही पाच मते टिपून ठेवावीत, कारण राजा हवा की प्रजासत्ताक हा नोव्हेंबरातील वाद त्या दिवशीच्या मतदानात आधीच डोकावला होता. घराण्यातील राजपुत्र मागण्यामागेही हिशेब होता. राजेशाही युरोपला हे प्रकरण क्रांतीसारखे दिसू नये आणि स्वीडनलाही हात पुढे केलेला दिसावा, असा तो होता. ऑस्करने ही मागणी अखेर नाकारली.

आकडे वाचताना

१३ ऑगस्टच्या जनमतकौलात विसर्जनाच्या बाजूने ३,६८,२०८ आणि विरोधात १८४ मते पडली. हा आकडा इतका एकतर्फी आहे की तो पाहून आजचा वाचक संशयाने भुवया उंचावतो. आकडा खरा आहे. फक्त मतदारांना विचारलेला प्रश्न नीट पाहावा. विसर्जन व्हावे काय, असा तो प्रश्न नव्हता. ‘झालेल्या’ विसर्जनाशी आपण सहमत आहात काय, असा होता. शिवाय हा कौल घेतला गेला तो स्वीडनच्या समितीची तशी मागणी पुढे येत असताना. मागणी अधिकृतपणे अंगावर येण्याआधीच आपणहून कौल घेतला, तर तो दबावाखाली घेतल्यासारखा दिसत नाही, हे मिकेल्सन यांच्या सरकारने ओळखले होते. मतदानाला सुमारे ८५ टक्के मतदार आले. तो रविवार होता.

यापुढचा प्रश्न असा की मोजले गेले कोण. मताधिकार पंचवीस वर्षांवरील पुरुषांपुरता होता. स्त्रियांच्या संघटनांनी आम्हांलाही मत देऊ द्या अशी मागणी केली आणि ती मान्य झाली नाही. तेव्हा त्यांनी थोड्याच दिवसांत २ लाख ४४ हजारांहून अधिक स्त्रियांच्या सह्या गोळा करून त्या स्टोर्टिंगला सादर केल्या. साडेतीन लाखांवर मतांच्या शेजारी हा आकडा ठेवला म्हणजे त्याचे वजन कळते, कारण पुरुषांसाठी मतपेटी सरकारने ठेवली होती आणि सह्यांचे कागद मात्र स्त्रियांनी स्वतः गावोगाव फिरविले होते. नॉर्वेच्या स्त्रियांना १९०७ साली मर्यादित आणि १९१३ साली पूर्ण मताधिकार मिळाला; १९०५ च्या सह्यांशिवाय ती वाटचाल समजत नाही. जनमतकौलाचा आकडा देऊन हा आकडा न देणारा लेख अपुरा समजावा.

नोव्हेंबरचा कौल अधिक बोलका आहे, कारण त्यात मतभेद दिसतो. डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल याला राजा म्हणून बोलावण्याच्या बाजूने २,५९,५६३ आणि विरोधात ६९,२६४ मते पडली. हा कौल घ्यावा असा आग्रह खुद्द कार्लनेच धरला होता; नॉर्वेत प्रजासत्ताकवाद्यांची संख्या लक्षणीय आहे हे त्याच्या कानी आले होते आणि लोकांनी बोलावल्याशिवाय येण्याची त्याची इच्छा नव्हती. ध्रुवप्रदेशाचा संशोधक फ्रिड्यॉफ नान्सेन त्याचे मन वळविण्यासाठी कोपनहेगनला गेला होता. अर्थमंत्री गुन्नार क्नुडसेन प्रजासत्ताकाच्या बाजूचे असल्याने मंत्रिमंडळातून बाहेर पडले. कार्लची पत्नी मॉड ही इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याची मुलगी होती, आणि नव्या राज्याला ब्रिटनचा आधार हवा होता, हेही लिहावे. मात्र निवडीचे सगळे श्रेय सासऱ्याला देऊ नये, कारण मध्ये अडीच लाखांहून अधिक मते उभी आहेत.

कार्लस्टाड

शांततेने झाले, असे एका वाक्यात लिहून सप्टेंबर ओलांडू नये. स्वीडनमधील कार्लस्टाड या गावी फ्रीमेसन मंडळाच्या इमारतीत दोन्ही बाजूंचे चार-चार प्रतिनिधी बसले असताना सीमेवर दोन्हीकडे सैन्य उभे होते, मध्ये काही दिवस बोलणी थांबली होती, आणि १३ सप्टेंबरला नॉर्वेने आपल्या सैन्याच्या एका भागाची जमवाजमवही केली. वादाचा मुख्य मुद्दा नव्या तटबंदीचा होता. स्वीडनला ती पाडून हवी होती. नॉर्वेच्या लोकांना ज्या भिंतींसाठी आपण कर भरला त्या आपल्याच हाताने पाडणे अपमानास्पद वाटत होते. तडजोड अशी निघाली की नवी तटबंदी काढावी, फ्रेडरिकस्टेन आणि कोंग्सविंगर येथील ऐतिहासिक जुने किल्ले राहू द्यावेत, सीमेच्या दोन्ही बाजूंना लष्करविरहित पट्टा असावा आणि पुढील वाद हेगच्या लवादाकडे न्यावेत. मिकेल्सन यांच्यावर मायदेशी टीका झाली, परंतु स्टोर्टिंगने मोठ्या बहुमताने तह मान्य केला.

या तहाची कमी वाचली जाणारी कलमे अवश्य पाहावीत. सीमा ओलांडून रेनडियर चारणाऱ्या सामी लोकांच्या कुरणांचा प्रश्न, दोन्ही देशांतून वाहणाऱ्या पाण्याचा वापर आणि मालाची वाहतूक या विषयांवरही कार्लस्टाडला करार झाले. राजे आणि मंत्री यांच्या भांडणात कोणाच्या जगण्याला धक्का लागणार होता, ते अशा कलमांतून दिसते. रेनडियरला सीमा कळत नाही आणि सामी कुटुंबांची वर्षभराची वाट त्या सीमेवरूनच जात होती. मात्र वाटाघाटीच्या टेबलावर त्यांचा कोणीही प्रतिनिधी नव्हता.

जाता जाता एक नोंद. स्वीडनच्या चार प्रतिनिधींपैकी एक यालमार हामरशोल्ड होते. वाटाघाटी सुरू होण्याच्या महिनाभर आधी, २९ जुलैला, त्यांना मुलगा झाला. तोच पुढे संयुक्त राष्ट्रसंघाचा दुसरा महासचिव झालेला डाग हामरशोल्ड. त्याच्या आधीचे पहिले महासचिव त्रिग्वे ली नॉर्वेचे होते.

राजकारणाबाहेरचे वर्ष

आतापर्यंत जे सांगितले ते सुमारे तेवीस लाख लोकांच्या देशातील काही शे माणसांचे वर्ष झाले. उरलेल्यांचे वर्ष कसे गेले हे पाहण्यासाठी शकावलीला चौथा रकाना जोडावा लागतो, आणि तो भरणे सर्वांत कष्टाचे असते.

त्या रकान्याची पहिली नोंद १५ जानेवारीची आहे. पश्चिम नॉर्वेतील लूएन खोऱ्यात रामनेफ्येल डोंगराचा कडा रात्री सरोवरात कोसळला, त्यातून प्रचंड लाटा उठल्या आणि काठावरील वस्त्यांतील ६१ माणसे मरण पावली. ऐक्याच्या वादाशी या घटनेचा काही संबंध नाही आणि म्हणूनच राजकीय इतिहासांत ती सापडत नाही. त्याच डोंगराचा भाग १९३६ साली पुन्हा कोसळला आणि ७४ माणसे गेली. वाचलेल्यांतील अनेक कुटुंबे ३१ वर्षे त्याच काठावर शेती करीत राहिली होती. शेतीला योग्य अशी जमीन तेथे किती थोडी असते, हे त्यावरून समजते. जमिनीच्या याच टंचाईने आणि अमेरिकेतील मजुरीच्या ओढीने १९०५ या एका वर्षात वीस हजारांच्या वर माणसे देश सोडून गेली. स्वतंत्र राष्ट्र उभे राहत असताना तरुणांचे जथे बंदरांवर जहाजांची वाट पाहत होते, हे चित्र लेखात असायलाच हवे.

दुसरी नोंद उद्योगाची. मे महिन्यात नोटोडेन येथे विजेच्या ज्योतीने हवेतील नायट्रोजन पकडून खत तयार करण्याचा कारखाना सुरू झाला. ही पद्धत शास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्केलान आणि अभियंता साम आयडे यांनी बसविली होती. २ डिसेंबरला, म्हणजे नवा राजा येऊन आठवडा होतो न होतो तोच, नोर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली. तिच्यात भांडवल होते ते स्वीडनच्या वालेनबर्ग घराण्याचे आणि फ्रेंच बँकेचे. ज्या वर्षी राजकीय ऐक्य मोडले त्याच वर्षी स्वीडनचा पैसा नॉर्वेच्या धबधब्यांत उतरला, एवढे लक्षात घेतले तरी दोन्ही देशांतील वैराविषयीची अतिशयोक्ती आपोआप कमी होते. या कंपनीचा खतविभाग २००४ साली वेगळा होऊन यारा झाला. महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदारांना कॅल्शियम नायट्रेटच्या गोण्यांवरील ते नाव ओळखीचे आहे.

रोआल अमुंडसेन आणि त्याचे सहा साथीदार जून १९०३ मध्ये योआ या लहानशा जहाजातून निघून कॅनडाच्या उत्तरेकडील सागरी मार्ग पार करीत होते. ५ डिसेंबर १९०५ रोजी अलास्कातील ईगल येथून त्याने तार केली. वर्षातील एकही राजकीय प्रसंग या सात जणांच्या समोर घडला नाही, तरी मोहिमेच्या यशाचा मान मात्र नव्या राज्याच्या पदरात पडला. आणि १० डिसेंबरला स्टोर्टिंगने नेमलेल्या समितीने त्या वर्षीचे नोबेल शांतता पारितोषिक ऑस्ट्रियन शांततावादी लेखिका बर्था फोन झुट्नर यांना जाहीर केले. स्वीडनच्या नोबेलने हे एक पारितोषिक नॉर्वेच्या संसदेकडे सोपविले होते ते ऐक्याच्या काळात. ऐक्य गेल्यावरही ती सोय तशीच चालू राहिली.

साधने आणि नावे

आजच्या अभ्यासकाला घरबसल्या पुष्कळ साधने मिळतात. स्टोर्टिंगची कामकाजाची छापील इतिवृत्ते १८१४ पासून संगणकावर उपलब्ध आहेत. ७ जूनचा ठराव तेथूनच घ्यावा, दुय्यम पुस्तकातून नव्हे. नॉर्वेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वृत्तपत्रे आणि पुस्तके चित्ररूपात ठेवली आहेत, आणि स्वीडनच्या राजेशाही ग्रंथालयानेही आपली जुनी वृत्तपत्रे खुली केली आहेत. एकाच दिवसाची दोन्ही राजधान्यांतील वर्तमानपत्रे शेजारी ठेवून वाचावीत. २८ मे, ८ जून आणि २४ सप्टेंबर किंवा त्यांच्या लगतचे अंक त्यासाठी पुरे होतील. लोकसंख्येसाठी १९०५ ची जनगणना शोधू नये. ती झालीच नाही. १९०० आणि १९१० च्या जनगणनांतील घराघरांच्या नोंदी नॉर्वेच्या अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर नावानिशी पाहता येतात, आणि एखादे गाव निवडून त्या दोन्ही याद्या ताडून पाहिल्या की मधल्या दहा वर्षांत कोण गेले आणि कोण राहिले ते कळते.

भाषेची अडचण येते, पण ती वाटते तेवढी मोठी नाही. १९०५ ची छापील नॉर्वेजियन डॅनिशच्या फार जवळची आहे, कारण लेखनसुधारणा १९०७ पासून सुरू झाली. आजचे यांत्रिक भाषांतर या जुन्या लेखनाला अडखळते आणि नकारार्थी वाक्य होकारार्थी करून टाकते. म्हणून ठरावासारखा मजकूर शब्दकोश घेऊन शब्दशः लावावा.

नावांची दक्षता न घेतल्यास लेखात कालविपर्यास शिरतो. राजधानीला त्या वेळी ख्रिस्तियानिया म्हणत. ऑस्लो हे नाव १९२५ पासूनचे आहे. फ्रेडरिकस्टेनच्या पायथ्याचे गाव तेव्हा फ्रेडरिक्सहाल होते, आज ते हाल्डेन आहे. १८ नोव्हेंबरपर्यंत राजपुत्र कार्ल आणि त्यानंतर राजा सातवा हाकोन असे लिहावे. त्याचा दोन वर्षांचा मुलगा अलेक्झांडर याच वेळी उलाव झाला. आणखी एक घोटाळा मंत्रिमंडळाचा असतो. ऐक्याच्या काळात नॉर्वेचे मंत्रिमंडळ दोन ठिकाणी बसे: बहुतेक मंत्री ख्रिस्तियानियात, तर राजाजवळ स्टॉकहोममध्ये एक पंतप्रधान आणि दोन मंत्री. २७ मे रोजी राजासमोर उभे होते ते योर्गेन ल्योव्हलान आणि त्यांचे दोन सहकारी. मिकेल्सन त्या दालनात नव्हते. हेच ल्योव्हलान पुढे नॉर्वेचे पहिले परराष्ट्रमंत्री झाले.

कोठे थांबावे, हा प्रश्न शेवटी उरतो. हाकोनचा राज्याभिषेक २२ जून १९०६ रोजी ट्रॉन्डहाइमच्या कॅथीड्रलमध्ये झाला, आणि त्या सोहळ्याची छायाचित्रे इतकी देखणी आहेत की लेख तेथपर्यंत ओढण्याची इच्छा होते. ती आवरावी. राजसत्तेचा घटनात्मक प्रश्न २७ नोव्हेंबरच्या शपथेने सुटला होता. राज्याभिषेकाने त्यात काही भर घातली नाही, आणि १९०८ साली तर राज्यघटनेतील राज्याभिषेकाचे कलमच काढून टाकण्यात आले. राजकीय रकाना शपथेपाशी बंद करावा, चौथा रकाना मात्र ३१ डिसेंबरपर्यंत चालू ठेवावा, आणि तटबंदी पाडण्याचे काम, हायड्रोचे पुढचे कारखाने व स्त्रियांचा मताधिकार यांना प्रत्येकी एकच ओळ द्यावी.